बाबा डावीकडे कसे?

दुसऱ्या दिवशी गळीत हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून कारखान्याने शाळेच्या पटांगणात सभा ठेवली. मूत्रपिंडाच्या आजारासाठी ज्यांचं रक्त तपासलं होतं ते सगळे हजर. उजवीकडे शंभर ऊसतोडे, डावीकडे गावातले शंभर, ज्यांचा उसाशी काडीचा संबंध नाही म्हणे. मी लिओन शहरातल्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. माझा धाकटा भाऊ उलिसेस यंदा पहिल्यांदाच टोळीबरोबर उसात जाणार होता, म्हणून तो टोळीतल्या पोरांबरोबर पुढे बसला होता आणि मीही मागे जाऊन उभी राहिले.

कारखान्याचे डॉक्टर बेनाविदेस फळ्यावर लिहीत होते. "तोडकऱ्यांत मूत्रपिंड खराब झालेले शंभरात आठ. गावात शंभरात आठ. आठ भागिले आठ, एक. म्हणजे उसातल्या उन्हाने मूत्रपिंडाला धोका जास्त नाही. तेव्हा यंदापासून दुपारची विश्रांती आणि सावलीचे तंबू बंद."

"वा रे वा!" मी मोठ्यानं म्हणाले.

उलिसेसने वळून डोळे वटारले. "ताई, गप्प बस ना! मुकादम बघतोय."

"बघू दे. मी काय त्याला घाबरते?"

पण कुठे चुकतंय ते मलाही कळत नव्हतं. आकडे बरोबर, भागाकार बरोबर. आणि मग डावीकडच्या दुसऱ्या रांगेत मला बाबा दिसले. माझे बाबा, दामासो, ज्यांचं अर्धं आयुष्य उसात गेलं! मागे एकदा हंगामाआधीच्या तपासणीत त्यांचं मूत्रपिंड खराब निघालं आणि कारखान्याने फाटकावरूनच परत पाठवलं. तेव्हापासून ते बर्फाचे गोळे विकतात. डॉक्टरांच्या लेखी गोळेवाला म्हणजे गावकरी. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, तुम्ही डावीकडे कसे?"

"मला काय विचारतेस? त्यांनी बसवलं, मी बसलो."

मी तरातरा पुढे गेले. "डावीकडच्यांपैकी ज्यांनी कधीतरी कोयता धरलाय, त्यांनी उभं राहा!"

वीस जण उठले.

"आता खुर्च्या उचला आणि उजवीकडे या. तुमच्यात आजारी किती?"

सात हात वर झाले. बाबांचा सगळ्यात आधी. मागे डावीकडे ऐंशी उरले आणि त्यांच्यात आजारी एकच, टपाल कचेरीतली बाई.

"अहो बाई, ते वीस जण आता आमचे कामगार नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"कसे असतील? आजारी पडले म्हणून तुम्हीच काढलंत. आणि त्यांचा आजार गावाच्या खात्यावर टाकून मोकळे झालात! द्या तो खडू."

मी लिहिलं. उसात एकशेवीसांत पंधरा, गावात ऐंशीत एक. शंभरामागे इकडे साडेबारा, तिकडे सव्वा. "दहापट, डॉक्टर. एक नव्हे, दहा!"

ते हसले. "दहापट म्हणायला काय जातं? पण कशाच्या दहापट? लाखात एकाचे दहा झाले तरी दहापटच. उगाच लोकांना घाबरवू नका."

प्रश्न रास्त होता. नुसत्या पटीने माणूस फसतो, हे मी वर्गात पोरांना घसा फोडून सांगते.

"मग पट सोडा, माणसं मोजा. गावात ऐंशीत एक. उसात आठांत एक."

उलिसेस उठला. त्याच्या टोळीतली पोरंही उठली.

"आमच्या टोळीत आम्ही आठ जण आहोत, डॉक्टर," तो म्हणाला. "त्यातला कोण, ते सांगा. तोवर आम्ही उसात पाय ठेवणार नाही."

खरं तर हिशेब असा चालत नाही. एखाद्या टोळीत तिघे निघतात, एखाद्यात कुणीच नाही. डॉक्टरांनाही ते माहीत होतं, पण त्या आठ पोरांकडे बघून ते आपले कागद गोळा करू लागले.

मुकादमच ओरडला, "उद्या जो फाटकात येणार नाही, त्याचं नाव कायमचं काढून टाकीन!"

"काढ की!" उलिसेस म्हणाला. "आजारी पडल्यावर काढणारच आहेस. यंदा आम्हाला धडधाकट असताना काढून दाखव."