आत्याचा उजवा पाय

माझी आत्या मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्कूल म्हणजे एक खोली, एक फळा, एक पांढरी गाडी आणि आत्याचा उजवा पाय. यांतला पाय तेवढा शिकवायचा, बाकीचे नुसते हजर असायचे.

शिकाऊ गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. अडीअडचणीसाठी असतो तो. आत्याच्या मते शिकाऊ माणूस हीच मुळात अडचण, त्यामुळे गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधीच ती तो दाबायला सुरुवात करायची. समोर सायकल आली, दाब. सायकल गेली, तरी दाब, न जाणो परत यायची. तोंड एकीकडे चालूच. "डोळे घरी ठेवून आलास का? अरे, भिंत आहे ती! ती बाजूला होणार नाहीये!"

परिणाम असा झाला, की आम्ही विद्यार्थी ब्रेक दाबायला कधी शिकलोच नाही. गरजच पडली नाही. गाडी चालवायची आपण आणि थांबवायची आत्यानं, अशी आमची साधी श्रद्धा होती.

परवाना कार्यालयाच्या गाडीत मात्र बाजूला परीक्षक साहेब बसायचे आणि त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, रबरी चटई होती. परीक्षेच्या मैदानाच्या टोकाला झुडपांचं कुंपण होतं. वर्षभरात आमचं स्कूल अकरा वेळा त्या कुंपणात गेलं. एकाच जागी. शांतपणे, दोन्ही हात स्टिअरिंगवर बरोबर धरून, इंडिकेटर देऊन. त्यातला तिसरा, सातवा आणि अकरावा मी. कार्यालयाचा माळी आत्याला नमस्कार करेनासा झाला.

मग कार्यालयाचं पत्र आलं. पुढच्या परीक्षेला तुमचे तीन विद्यार्थी बसतील, त्यातले किमान दोन पास झाले नाहीत तर स्कूलची मान्यता रद्द.

आत्यानं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खडूच्या डब्यात ठेवलं आणि गप्प बसली. आत्या गप्प बसली की आमच्या घरात डॉक्टरांना फोन करायची पद्धत आहे.

"बावीस वर्षं झाली," ती शेवटी म्हणाली. "ही भिंतसुद्धा मी स्वतः रंगवलीय."

भिंत बघून ते कळत होतंच. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

तीन विद्यार्थी म्हणजे एक मी. दुसऱ्या नर्सताई, त्या कुणालाही डोळे मिटून सुई टोचू शकतात, पण स्टिअरिंग धरलं की त्यांचे हात थरथरायचे. आणि तिसरे हेडसर. चौतीस वर्षं मुख्याध्यापक म्हणून साडेसहाशे पोरांना एका रांगेत उभं केलेला माणूस, पण दोन महिने झाले तरी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जायला तयार नव्हती.

दुसऱ्याच दिवशी आत्याचा ब्रेक तुटला. पेडल मुळापासून हातात आलं. मेकॅनिकनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"ड्रायव्हरचा ब्रेक नव्यासारखा आहे," तो म्हणाला, "आणि हा पार झिजलाय. तुमच्यात गाडी नक्की चालवतं कोण?"

आत्यानं नव्या पेडलची किंमत विचारली. नवं पेडल यायला दहा दिवस लागणार होते. परीक्षा नवव्या दिवशी होती.

तशी गाडी रस्त्यावर काढणं नियमात बसत नव्हतं. म्हणून भाजीबाजारामागचं पटांगण दुपारचं मागून घेतलं. माणसांऐवजी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. पिवळी खुर्ची म्हणजे आजी, लाल म्हणजे पोस्टमन, आणि निळी छोटी म्हणजे शाळेतून पळालेलं कार्टं.

पहिल्या दिवशी आत्या दुप्पट ओरडली, कारण पायाचं कामही तोंडावर आलं होतं. पाय तर सवयीनं गाडीच्या मोकळ्या पत्र्यावर आपटतच होता. नर्सताईंनी गाडी बंद केली आणि आत्याचं मनगट धरलं.

"मॅडम, नाडी एकशे तीस आहे."

"मग गाडी नीट चालवा ना! ऐंशीवर येईल!"

हेडसर मागच्या सीटवरून म्हणाले, "बाई, तुम्ही जरा चालवता का? मी बाजूला बसतो."

"मला येते, सर."

"म्हणूनच म्हणतोय."

आत्या मुकाट्यानं स्टिअरिंगवर बसली. सर तिच्या जागी बसले, त्यांनी चष्मा पुसला, आणि गाडी सुरू होताच असे काही गरजले की पलीकडे वजनकाट्यावर बसलेली कबुतरं उडाली.

"आरसा! आरसा! केस विंचरायला आहे का तो? क्लच कुठाय? डोळे घरी ठेवून आलात का?" आणि दर शब्दाला पत्र्यावर पाय. धाड, धाड, धाड.

आत्याची गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा गाडी निघाली ती सरळ पोस्टमनच्या अंगावरून गेली.

"सर, तुम्ही सारखे ओरडत होतात, म्हणून माझं..."

आत्यानं वाक्य अर्ध्यावर सोडलं. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं असावं. मी मुद्दाम घड्याळ बघून ठेवलं.

सरांनी पाय मागे घेतला. "गंमत सांगू का," ते हळूच म्हणाले, "ओरडताना मी समोर बघतच नव्हतो. एक मुलगा होता माझ्या वर्गात. त्याला रोज बाहेर उभा करायचो, फळ्यावरचं चुकीचं उतरवतो म्हणून. त्याला फळा दिसत नाही, हे मला वार्षिक परीक्षेला कळलं."



"पोस्टमनला बाहेर काढूया का आधी?" नर्सताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून सरांनी नियम केला. बाईंनी सांगायचं नाही, फक्त विचारायचं. गाडी चालवणाऱ्यानं जे दिसतं ते आणि जे करणार ते मोठ्यानं बोलायचं.

आत्याला जड गेलं. "पुढे काय दिसतंय, आंधळ्या?"

"शेवटचा शब्द प्रश्नात येत नाही, बाई."

"पुढे काय दिसतंय?" आत्यानं दात आवळून विचारलं.

"आजी," मी म्हणालो. "आजींच्या हातात पिशवी आहे. त्या आधी माझ्याकडे बघतील, मग निघतील. मी थांबतोय."

आणि गाडी थांबली. आजी हातभर लांब होत्या. आत्यानं वाकून माझ्या पायाकडे पाहिलं.

"तू थांबवलीस?"

"हो."

"स्वतः?"

"आत्या, इथे दुसरं आहे कोण?"

तिनं बटव्यातून रुमाल काढला आणि उगाचच काच पुसली.

मग आम्हाला ऊतच आला. नर्सताईंनी जाहीर केलं की आजींचे गुडघे दुखतात, तेव्हा त्यांच्यासाठी जास्त थांबायचं. मी कार्ट्याला गणितात नापास केलं, म्हणजे ते का पळतंय हे समजलं. खुर्च्यांची इतकी माहिती झाल्यावर त्यांना उडवणं जमेना. सहाव्या दिवशी आत्यानं सरांना विचारलं, "तुम्हाला दुसरा गिअर कधी टाकावासा वाटतो?"

सरांनी विचार केला. "गाडी कुरकुरायला लागली की. मुलं मधल्या सुटीआधी कुरकुरतात तशी." आणि त्यांनी टाकला. गाडीला काहीच वाटलं नाही. सर आणि आत्या मात्र पुढची दोन वळणं एकमेकांकडे बघून हसत होते, आणि समोर बघा म्हणून मला ओरडावं लागलं.

परीक्षेला पहिला नंबर नर्सताईंचा. त्या सगळा वेळ बोलत होत्या. "आता थोडं हलेल हं, साहेब. घाबरायचं नाही. झालं!" हात अजिबात थरथरले नाहीत. पास.

दुसरे हेडसर. गाडी त्यांनी उत्तम चालवली. पण मध्येच साहेबांना विचारलं, "साहेब, पुढे काय दिसतंय?"

"प्रश्न मी विचारायचे असतात!"

"बरोबर. मग विचारत का नाही?"

कागदावर कारण लिहून आलं: परीक्षकाची परीक्षा घेतली. नापास. सर मात्र खूश होऊन उतरले. "छान असतं हो नापास होणं! प्रत्येक मुख्याध्यापकाला एकदा तरी नापास करायला हवं."

"सर," आत्या म्हणाली, आणि तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. आता सगळं माझ्यावर होतं. बावीस वर्षं, तो फळा, ती भिंत.

मी गाडी सुरू केली. साहेबांनी मला ओळखलं होतं. त्यांनी दाराची मूठ आधीच धरून ठेवली.

"पुढे वळण. मी वेग कमी करतोय," मी म्हणालो. "आता सरळ रस्ता. टोकाला कुंपण. कुंपणापुढे माळी. माळ्याच्या हातात मोठी कात्री. शेजारी आत्या. आत्या ओरडत नाहीये."

"ही काळजीची गोष्ट आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, नवीन आहे. मी थांबतोय."

आत्याचा उजवा पाय जमिनीवरून उचलला गेलेला मला दिसला. गाडी येत होती आणि ती एका पायावर उभी होती. पाय तसाच अधांतरी. तिनं तो आपटला नाही. गाडी थांबली, त्यानंतरच तिनं तो अलगद खाली ठेवला.

माझ्या शेजारी साहेबांचे दोन्ही पाय चटईत रुतलेले होते.

माळ्यानं झुडपं पाहिली, गाडी पाहिली आणि कात्री काखेत मारली. "नमस्कार बाई," तो आत्याला म्हणाला.

साहेबांनी 'पास' लिहून सही केली, पण खाली उतरले नाहीत.

"ते पुढे काय दिसतंय म्हणून विचारायचं," त्यांनी घसा साफ केला, "ते गणितालाही चालतं का? मी मुलीला रोज शिकवतो. हल्ली वही काढली की ती पलंगाखाली जाते."

"आत्याला विचारा," मी म्हणालो. "पण आधी ती तुम्हाला मुलीच्या जागी बसवेल."

आता गाडीत नवं पेडल आहे. नियम आहे तो. मेकॅनिक दर महिन्याला ते तपासतो आणि म्हणतो, हे तुम्ही वापरत नसाल तर मला द्या. हेडसर पुढच्या परीक्षेपर्यंत फळ्यावर रस्त्याच्या खुणा शिकवायला येतात, आणि निम्मा वेळ पोरांनाच शिकवायला लावतात.

नवा विद्यार्थी आला की आत्या त्याला पहिल्या दिवशी शिक्षकाच्या सीटवर बसवते, स्वतः स्टिअरिंगवर बसते आणि म्हणते, "ओरड माझ्यावर."

बिचारा आधी लाजतो. मग तिसऱ्या मिनिटाला आवाज चढवतो, पेडल सोडून पत्र्यावर पाय आपटतो, आणि पटांगणाच्या टोकाला पोस्टमन पुन्हा एकदा धारातीर्थी पडतो. आत्या खाली उतरते, लाल खुर्ची झटकून उभी करते आणि विचारते, "हं. आता सांग, तुला काय दिसलं?"