शेवंती, आयक

विनीतने खुंटीवरचे तीन शर्ट काढले, घडी घालून बॅगेत ठेवले आणि चौथ्याला हात घातला, तेवढ्यात बाहेरून त्याचे बाबा बोलले.

"शेवंती, आयक."

शर्ट हातातच राहिला. आवाज तोच होता, घशात जरासा अडकून मग मोकळा होणारा. बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. गाडी पुसता पुसता छातीत कळ आली आणि इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शवपेटी विमानाने गोव्याला आणि तिथून रुग्णवाहिकेने कुडाळला आली. अग्नी विनीतनेच दिला होता.

तो दार ढकलून बाहेर आला. आखाती देशातल्या सनद नावाच्या वस्तीतल्या त्या बंगल्याच्या मागच्या अंगाला ड्रायव्हरची ती एकच खोली होती. बाबांनी, विठ्ठलने, तिच्यात चोवीस वर्षं काढली होती. खोलीला लागून, पत्र्याच्या सावलीत, माणूस उभा राहील एवढा पिंजरा होता. आत राखी रंगाचा, लाल शेपटीचा एक पोपट मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होता. पिंजऱ्यापुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीत घरच्या मोठ्या मालकीणबाई, झोहरा अम्मा, मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची वाटी घेऊन बसल्या होत्या.

"डर गया?" त्या म्हणाल्या. "ये कास्को तोता है. सबका आवाज करता."

जणू त्यांचं म्हणणं पटवायलाच पोपटाने आधी फाटकाच्या रिमोटचा टिकटिक आवाज काढला, मग गाडी मागे घेताना होतो तसा पीं-पीं, मग अम्मांच्या चपलांची फरफर. अम्मा हसल्या. पोपटाने पंख झटकले आणि पुन्हा बाबांच्या आवाजात तो म्हणाला,

"शेवंती, आयक. मी आता कायमचो येतंय."

विनीतने पिंजऱ्याची एक सळई धरली. पोपट थांबला नाही. तेच वाक्य त्याने हळू म्हटलं, कुणाला उठवायचं नाही अशा बेताने. मग घाईने, एकदाचं उरकून टाकावं तसं. मग हसत, चेष्टेवारी न्यावं तसं. ते हसूही बाबांचंच होतं.

"हर जुम्मा तुम्हारा बाबा पिंजरा साफ करता," अम्मा सांगू लागल्या. "फोन का पहले इसके साथ बैठता. यही बोलता, यही बोलता. फिर अंदर जाके घर फोन करता. तीन-चार साल से. हम रोज सुनता, पर समझता नहीं. हमको लगता, दुआ है." त्यांनी वाटीतली एक बी उचलली आणि तशीच धरून ठेवली. "क्या मतलब है इसका?"

विनीतने सळई सोडली.

"दुआ ही है, अम्मा," तो म्हणाला.

त्यांनी मान हलवली आणि बी पोपटाच्या चोचीत दिली.

शुक्रवारचे ते फोन विनीतला चांगले आठवत होते. आई पडवीत बसून स्पीकर लावायची. बाबा "शेवंती, आयक" म्हणायचे आणि जरा थांबायचे. विनीतला वाटायचं, कुणी हॅलो म्हणतं तशी ती बाबांची सवय आहे. मग बोलणं वरच्या मजल्याच्या स्लॅबवर जायचं, बहिणीसाठी, मृणालीसाठी आलेल्या स्थळावर जायचं, त्याच्या डिप्लोमावर जायचं. पाच मिनिटांनी बाबा म्हणायचे, "बरा, ठेवतंय." त्या थांबण्यात काय होतं हे त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं.

थोड्या वेळाने अम्मांचा मुलगा साद मागच्या अंगणात आला. पस्तिशीचा, अंगात पांढरा सदरा, चेहरा उतरलेला. विनीतचं तिकीट त्यानेच काढलं होतं. तो खोलीच्या उंबऱ्याशी थांबला, आत गेला नाही.

"तेरा बाबा मुझे स्कूल छोड़ता था," तो म्हणाला. "मेरे बच्चों को भी उसी ने छोड़ा. अब नया आदमी रखने का मन नहीं करता. तू आ जा. रूम यही, काम यही. वीज़ा मैं करवा दूँगा."

"जी."

"शाम तक बोल दे. इंशाल्ला, सब अच्छा होगा."

माणूस मनापासून बोलत होता. म्हणूनच विनीतला त्याच्याकडे बघवेना. कुडाळच्या दुचाकीच्या शोरूममधल्या नोकरीत आपलं कसं रडतखडत चाललंय ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, स्वप्नालीला, सातवा महिना लागला होता. निघताना एसटीच्या खिडकीशी उभी राहून आई म्हणाली होती, "बरा कायतरी गावला, तर नाय म्हणा नको." तो स्वतः दीड वर्षाचा झाल्यावर बाबांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं होतं. तेव्हा म्हणे तो घाबरून आजीच्या पाठी लपला होता.

साद गेला. अम्माही आत गेल्या. विनीत पिंजऱ्याजवळच्या पायरीवर बसला आणि त्याने घरी फोन लावला.

"काय काय गावला खोलीत?" आईने विचारलं.

"कपडे. घड्याळ. औषधां." तो थांबला. "आये, बाबांका कायमचा घराक येवचा होता."

त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं.

"हय एक पोपट आसा. बाबा फोनाआधी तेच्याकडे बसान घोकत. शेवंती आयक, मी आता कायमचो येतंय. तुका सांगूचा म्हणान. दर शुक्रवारी. तो आता तेंच्याच आवाजात बोलता."

विनीतने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माका म्हायत होता," आई म्हणाली.

"बाबा बोललले तुका?"

"नाय. आयक म्हणाले की माकाच कळायचा. मगे मी मुद्दाम दुसराच कायतरी काढायचंय. स्लॅब, मृणालीचा लगीन, तुझा शिक्षण." तिचा आवाज अगदी सपाट होता. "येतले नि मगे कसा होतला, ह्या भय. आजून दोन वर्सां जावंदेत, मगे बोलतले, असा म्हणायचंय मनात. मीच तेंका बोलाक दिलंय नाय, विनीत."

पिंजऱ्यात पोपट चोचीने दांडी कुरतडत होता.

"साद काय म्हणता?" आईने विचारलं.

"म्हणता, बाबांची जागा घे. सांजेपर्यंत सांगूक होया."

आता ती 'घे' म्हणेल, म्हणून तो वाट बघत राहिला.

"तुझ्या मनात काय आसा?" ती म्हणाली.

विनीतने तोंड उघडलं आणि सवयीने थांबला. ती मध्ये काहीतरी बोलेल, स्वप्नालीचं, बाळंतपणाचं, कसलंही. ती बोलली नाही. फोनमधून फक्त तिचा श्वास येत होता.

"माका हय रवाचा नाय, आये," तो म्हणाला, आणि मग पुढचंही सांगू लागला. थांबत, चाचरत, जसं सुचेल तसं. पलीकडे स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. दुसरी झाली, तिसरी झाली. शिट्या मोजून गॅस बंद करणारी त्याची आई जागची हलली नाही.