आत्याची शिडी जस्तात बुडाली

आमच्या आत्याचं वय विचारायची कुणाची छाती नाही. रोज सकाळी ती धक्क्यावरच्या लोखंडी शिडीनं समुद्रात उतरते आणि मनसोक्त पोहून वर येते. सोबत तिच्याच वयाच्या मैत्रिणी असतात. पोहता पोहता त्यांच्या गप्पा अखंड चालू असतात. पाण्यात राहून इतकं बोलता कसं येतं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

ती शिडी रंगवायचं काम बाबांकडे होतं. बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, पेशानं रंगारी. दर वर्षी ते शिडी खरवडायचे, तांबडा प्रायमर लावायचे आणि वरून हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात द्यायचे. आणि दर वर्षी खारं पाणी तो रंग फस्त करायचं. एका सकाळी वर येताना गंजलेल्या पायरीचा पापुद्रा आत्याच्या तळव्यात घुसला. इंजेक्शन झालं, पट्टी झाली आणि जखम भरेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आत्या खुर्चीत पाय वर करून बसली आणि येईल त्याला पट्टी दाखवू लागली. बाबांना तर दोनदा दाखवली.

“तुझ्या रंगाला मी काही म्हणत नाही हो,” ती म्हणाली. “तळवा म्हणतोय.”

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मी म्हटलं, नवी शिडी मी करते आणि गॅल्व्हनाइझ करून आणते, म्हणजे अख्खी शिडी वितळलेल्या जस्तात बुडवून काढायची. गंजाची कटकट बरीच वर्षं मिटेल. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग आपला ब्रश खुंटीला टांगायचा का, एवढंच त्यांनी विचारलं.

शिडी मी जीव ओतून केली. पाइपात समुद्राचं पाणी शिरू नये म्हणून सगळी तोंडं बंद केली आणि जोड असे भरले, की मुंगीलासुद्धा फट सापडू नये. बाबांनी प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं आणि नाइलाजानं मान डोलावली.

टेम्पोनं शिडी कारखान्यात न्यायच्या दिवशी बाबा न बोलावता येऊन बसले. त्यांच्या मागोमाग आत्याही लंगडत आली. घरी बसून आपल्याला भिंती चावायला लागल्यात, असं तिचं म्हणणं. पुढच्या सीटवर आम्ही तिघं कशीबशी मावलो.

कारखान्याची शेड लांबलचक होती. ओळीनं टाक्या आणि वर क्रेन. तिथल्या सुपरवायझर बाई अंगानं भरलेल्या, डोक्यावर हेल्मेट आणि आवाज क्रेनच्या वर चढणारा. त्यांनी शिडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेरानं पाइप वाजवून पाहिले आणि वेल्डिंग देखणं आहे म्हणाल्या. माझी मान ताठ झाली. मग त्यांनी विचारलं, “भोकं कुठं ठेवलीत?”

एकही भोक नाही, असं मी अभिमानानं सांगितलं.

“मग हा बॉम्ब आहे, ताई,” त्या शांतपणे म्हणाल्या.

बंद पाइपात हवा अडकते, आत ओल राहिली तर तिची वाफ होते आणि त्या वितळलेल्या जस्तात पाइप फुटतो. माणसं भाजतात. शिवाय आत जस्त शिरलं नाही तर पाइप आतून कोराच राहतो. भोकं पाडल्याशिवाय शिडी टाकीजवळसुद्धा जाणार नाही, असं त्यांनी बजावलं. माझा चेहरा पडला. बाबा क्रेनकडं बघत उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते. आत्या तर उघड उघड हसली.

बाईंनी कुठं भोकं हवीत त्या जागी खडूनं खुणा करून दिल्या. मी ड्रिल हातात घेतलं खरं, पण ते स्वतःच्या जोडांशेजारी टेकवणं जिवावर आलं. बाबांनी ते माझ्या हातून अलगद काढून घेतलं. एक टोमणा नाही, काही नाही. माझ्यापेक्षा हळुवार हातानं त्यांनी एकेक भोक पाडलं आणि कडा कानशीनं गुळगुळीत केल्या.

मग शिडी तेलकटपणा घालवणाऱ्या टाकीत गेली, ॲसिडमध्ये गेली, धुऊन निघाली, जस्त नीट धरावं म्हणून क्षारांच्या पाण्यातून निघून सुकली. जस्ताच्या टाकीपेक्षा शिडी लांब होती, म्हणून ती आधी एका टोकानं तिरकी बुडवायची आणि मग उलटी करून दुसऱ्या टोकानं, असं ठरलं. आम्ही लांब, काचेमागं उभे राहिलो. शिडी टेकताच टाकी फसफसली, पांढरा धूर उठला. जरा वेळानं सगळं शांत झालं. कामगारांनी वरची राख बाजूला सारली आणि क्रेननं शिडी सावकाश वर घेतली. बाबांनी पाडलेल्या भोकांतून जस्ताच्या धारा खाली ओघळत होत्या. दुसरं टोकही तसंच बुडून निघालं तेव्हा लोखंड ओळखू येईना, इतकं लखलखत होतं.

बाबांची हाताची घडी कधी सुटली, त्यांनाही कळलं नसेल. याला गंज का चढत नाही, असं त्यांनी हळूच विचारलं. बाई म्हणाल्या, जस्त नुसतं झाकत नाही. ओरखडा पडला तरी आधी ते स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं.

“म्हणजे आमची अक्का,” बाबा म्हणाले. लहानपणी शेजाऱ्यांच्या काचा ते फोडायचे आणि बोलणी आत्या खायची, हे त्यांनी बाईंना सविस्तर सांगितलं.  आत्यानं चष्मा पुसायला काढला.

खाऱ्या पाण्यात हे किती टिकेल, हेही बाबांनी विचारलं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. समुद्र जस्तालाही खातोच, फक्त सावकाश. वरून चांगला रंग बसला तर दोघंही एकमेकांना सांभाळतात. मात्र साधा ऑइलपेंट पोपडे धरून गळून पडतो. आधी पृष्ठभाग हलका खरबरीत करायचा, मग त्याचा खास प्रायमर.

“कुणी चांगला रंगारी आहे का तुमच्या माहितीत?” त्यांनी विचारलं.

“आहे एक,” बाबा म्हणाले.

“जरा तापट आहे,” आत्या म्हणाली.

पुढचे काही दिवस बाबांनी वर्कशॉपचा एक कोपरा अडवला आणि मला तिकडं फिरकू दिलं नाही. जस्ताचे टोकेरी थेंब घासून काढले, पायऱ्यांच्या रंगात बारीक वाळू मिसळली, म्हणजे ओला पाय घसरू नये. रंग कोणता, यावर आत्याच्या मैत्रिणींनी येऊन बराच गोंधळ घातला आणि शेवटी पिवळा ठरला.

जखम भरल्यावर नव्या शिडीवरून आत्या सगळ्यांच्या आधी उतरली. मैत्रिणी मागोमाग. धक्क्यावर बाबा एकटेच उरले, कारण त्यांना पोहता येत नाही. खालून हाका सुरू झाल्या. खालच्या पायऱ्या नीट बसल्यात का बघतो, असं म्हणत त्यांनी पँट दुमडली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. बराच वेळ ते तिथून हलले नाहीत.

आता ते रोज सकाळी शिडी तपासायला जातात. परवा परतले तेव्हा शर्ट छातीपर्यंत ओला होता.