तापून बंद पडलो तो तास

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, मित्रांनो, रायपूरच्या एका शिक्षक-प्रशिक्षण केंद्रातला. पोटात दिवा, पाठीत पंखा, त्यामुळे जीव सदा कासावीस. नवा आलो तेव्हा मला हात लावायला साहेबांची परवानगी लागायची. आता लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात.

गेल्या वर्षी चौबे कॉलनीतल्या यामिनीताई सरकारी शाळांच्या शिक्षकांना उत्तर-आधुनिक विचार शिकवायला आल्या. एवढं जड नाव ऐकून मला धडकीच भरली. त्यांनी मात्र भिंतीवर दोनच ओळी टाकल्या : 'एकच गोष्ट सगळ्यांसाठी खरी नसते. ती कोणी सांगितली, ते विचारा.' लगेच चाळीस मोबाइल वर झाले, फोटो निघाले. "समजलं?" ताईंनी विचारलं. "हव," सगळे म्हणाले. काहींनी तर ओळी पाठ करायला घेतल्या. अरे, विचारा म्हटलंय ना, मग पाठ काय करता? पण माझं कोण ऐकतो.

ताईंचाही जीव टांगणीला होता. केंद्राच्या हिरालाल साहेबांनी बजावलं होतं, अभिप्रायात एकानंही 'समजले नाही' लिहिलं, तर हा तास कायमचा बंद.

आणि नेमका मी तापून बंद पडलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंत कोरी झाली, फोटो काढायला काहीच उरलं नाही. तेव्हा अभनपूरजवळच्या गावात शिकवणाऱ्या सरिताबाई उठल्या.

"मॅडम, आमच्या गावचा तलाव कोणी खोदला, असा प्रश्न मी पेपरात टाकला होता. उत्तर जुन्या जमीनदाराचं, मालगुजाराचं नाव. एका पोट्टीनं लिहिलं, माझ्या आजीच्या आईनं. मी तिले शून्य देलं. मालगुजारानं कुदळ हाती तरी धरली असन का?"

"मग आता काय कराल?" ताईंनी विचारलं.

"तेच तर समजून नाही राहिलं."

शेवटी फॉर्म भरले गेले. एकोणचाळीस जणांनी 'समजले' लिहिलं. सरिताबाईंनी लिहिलं, 'समजले नाही. उद्या त्या मुलीच्या घरी विचारायला जाते आहे.' साहेबांनी पहिले दोन शब्द वाचले आणि फॉर्म बाजूला ठेवला. तास बंद झाला.

आता माझ्यावर हजेरीचे तक्ते दाखवतात. सगळ्यांना समजतात. मला मात्र चैन पडत नाही. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण 'समजलं नाही' म्हणत कुणी उभं राहिलं, तर त्याला खाली बसवू नका.