निळ्या पेनवर जळणारी पाटी

मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझी चौकट एका कोपऱ्यात निखळली आहे, पण मान अजून ताठ आहे बरं! आणि मित्रांनो, खरं सांगते, मी एका पेनवर जळते.

चांदूर बाजारच्या बाजारातून सूर्यभानजींनी मला आणलं ते लेकीसाठी, पंचफुलासाठी. तिचं पहिलं अक्षर माझ्यावरच उमटलं. चुकलं की ती अंगठ्याला थुंकी लावायची नि खसकन पुसायची. मग इंग्रजी सुरू झाली आणि घरात शाईचा निळा पेन आला. पेन दप्तरात, आणि मी दह्याच्या गाडग्यावर झाकण! कसा जीव जळला म्हणून सांगू!

त्या वर्षी पंचफुलाला अमरावतीच्या मुलींच्या वसतिगृहासाठी परीक्षा द्यायची होती. इंग्रजीत नापास झाली तर शाळा गावातच संपणार. आणि शब्द तर एकेक लबाड! 'नाइफ'च्या आधी 'के' बसतो, 'वॉक'मध्ये 'एल' बसतो, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"लिवाचं, पण बोलाचं नाई? असं काहून वो माय?" पंचफुला कुरकुरली.

भाकर थापता थापता तिची आई केशरबाई म्हणाली, "नवी सून सासऱ्यासमोर बोलते काय? म्हून काय तिले घरात मोजाचं नाई?"

पंचफुला खूप हसली. पण दुसऱ्या दिवशी वर्गात 'के' विसरलीच, आणि सवयीनं थुंकीचा अंगठा शाईवर फिरवला. वहीला हे एवढं भोक!

"गुरुजी म्हणे, कागद हाये का पाटी? साऱ्या पोरी हासल्या माय!" घरी येऊन ती रडली. "परीक्षेत असंच झालं तं?"

मी मात्र गाडग्यावर बसून खुदकन हसले. पेनला म्हटलं, घे, पुसून दाखव!

त्याच संध्याकाळी तिनं मला उचललं, दही धुतलं. मग रोज लिहायची, चुकायची, पुसायची, पुन्हा लिहायची. हळूहळू तिचा अंगठा कोरडा राहू लागला.

परीक्षेला गेला पेन. एकही डाग न पाडता पंचफुला पास झाली.

"पेन लय गुनाचा निघाला!" सूर्यभानजी म्हणाले, आणि त्यालाच फडक्यानं पुसलं. त्याला! तो तिच्याबरोबर अमरावतीला गेला. मी परत गाडग्यावर.

मित्रांनो, पेनला जपाच. पण जिच्यावर तुम्ही पोटभर चुकलात, त्या पाटीलाही धुऊन, उन्हात वाळवून हाताशी ठेवा. तुमची एकही चूक तिनं कुणाला सांगितली नाही. आणि पेन कधी हातातून पडलाच, तर उचला जरूर. फक्त अगदी लगेच नको!