दुपारच्या उड्या

सुगंधाबाईंनी पदर खोचला, कडी लागल्याची पुन्हा खात्री केली आणि उकिडव्या बसून बसफुगडीच्या उड्या मारायला सुरुवात केली. माडीची लाकडी जमीन धडधडू लागली. पन्नाशीची विधवा बाई भर दुपारी एकटी फुगडी घालतेय, हे कुणी पाहिलं असतं तर बातमी भाईंदरच्या बाजारातून पार मिठागरापर्यंत गेली असती.

नवरा गेल्यापासून ही वेळ खाण्याची होती. भूक नव्हे, भूक पोट भरल्यावर थांबते. डब्यात हात घालून उभ्याउभ्या चिवडा, रेशनची साखर, कालचा भात, काहीही. मागच्या गौरीला खाली राहणाऱ्या विमलाताईंनी मुंग्यांच्या भीतीने नैवेद्याच्या पुरणपोळ्या वर ठेवायला दिल्या होत्या. नैवेद्याआधीच ताट रिकामं झालं. ताई एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त त्यांच्याकडून वर काही यायचं बंद झालं.

त्याच दिवशी सुगंधाबाईंनी सगळे डबे फडताळाच्या माथ्यावर चढवले. हात आवरला खरा, पण आवरलेल्या हाताचं करायचं काय, ते कळेना. मग एका दुपारी अगदीच राहवेना, म्हणून डब्यासाठी उडी मारली. पोचल्या नाहीत. आणखी मारली. अंगातून काहीतरी सळसळत गेलं, गुहागरच्या माहेरच्या अंगणातलं, परकराच्या वयातलं. डबा राहिला बाजूला आणि बाई नुसत्याच उड्या मारत राहिल्या.

आज मात्र उड्या चालू असतानाच दारावर थाप पडली. सुगंधाबाईंनी कडी काढली. विमलाताई दम खात उभ्या होत्या.

"काय करतेस गं रोज?"

"मसाला कुटतेय."

ताईंची नजर फडताळावरून फिरून सुगंधाबाईंच्या ओठांच्या कडांवर थांबली. ती नजर ओळखीची होती.

"मिरची कुटतेस, आणि घरात कुणाला ठसका नाही?"

खाल्लं म्हटलं असतं तर ताईंनी लगेच विश्वास ठेवला असता. तेच सोसवेना. सुगंधाबाई उकिडव्या बसल्या आणि त्यांनी मान वर न करता उड्या मारून दाखवल्या.

ताई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी खाली ऐकत असते," त्या म्हणाल्या. "आवाज चालू असला की वाटतं, गुंतलीय कशात तरी. थांबला की जीव धास्तावतो. म्हणते, बसली वाटतं खायला."

एवढं बोलून, कठड्याला धरत, त्या जिना उतरून गेल्या. ये म्हणाल्या नाहीत, येते म्हणाल्या नाहीत.

सुगंधाबाईंनी दार लावून घेतलं. मग परत बसल्या. पोटऱ्या भरून येईपर्यंत, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरेपर्यंत उड्या मारल्या. थांबल्या तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती आणि अंग कसं हलकं, कुणाचंच नसल्यासारखं झालं होतं.

उड्यांचा आवाज थांबला होता, आणि खाली सगळं गप्प होतं.

त्यांनी कान देऊन ऐकलं. मग उजवी टाच उचलली आणि फळीवर एकदाच, हळू, ठोकली.