लग्नघरातलं तेल

हिरामण भोईरला मोटारसायकल हवी होती. तिच्यासोबत कुंदा आली तरी त्याची हरकत नव्हती. हे त्याच्या तोंडावर कुणी बोललं नाही. सुपारी फुटली होती, आणि सुपारी फुटल्यावर मुलीकडच्यांनी जावयाबद्दल खरं बोलायचं नसतं.

मुलगी बदलापूरची, कोंडाजी पाटलांची. कोंडाजींची भाताची गिरण होती आणि गिरणीपेक्षा मोठा आवाज त्यांचा स्वतःचा होता. मुलगा अंबरनाथचा, तिथल्या एका कारखान्यात हजेरी लिहिणारा. त्याच्या जमेच्या बाजूला मनगटी घड्याळ, थोडंफार इंग्रजी आणि घरात पाण्याचा नळ. कुंदाच्या आईनं, विठानं, उभा जन्म विहिरीच्या पायऱ्यांवर काढलेला. तिनं नळ ऐकला आणि मुलगा नीट बघायचा राहून गेला. कुंदाचंही तसंच. नवरा कसा निघेल ते नशीब, नळ तरी रोज सकाळी येईल, असा तिचा हिशेब. हिरामणच्या खर्चाच्या बाजूला त्याची आई वेणूबाई. पण खर्चाची बाजू साखरपुड्यात कोण वाचतं?

जावयाला मोटारसायकल द्यायची असं ठरलं होतं. कोंडाजींनी ती मुंबईहून आणली. काळी, टाकीवर सोनेरी रेघ, आणि अख्खं गाव मावेल असा आरसा. तिला हळद-कुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि गावाला वाटलं, आता मांडवाचे बांबू निघतील.

तेवढ्यात हिरामणनं गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक उघडलं.

"मामा, नवी गाडी अशी लगेच दामटायची नसते," तो ओटीवर बसून म्हणाला. "इंजिनाचे भाग नवे असतात. ते एकमेकांवर घासून बसावे लागतात. तोवर गाडी हळू चालवायची. तेल पातळ घालायचं. आणि वापरलेलं तेल खालून काढून टाकायचं, ताजं भरायचं. हे सुरुवातीला फार सांभाळावं लागतं."

"मंग सांभाळा की, जावईबापू. गाडी तुमचीच हाय."

"नाही, नाही. हे तुम्ही करा. मला कारखाना असतो. बसलेली गाडी द्या. कच्ची गाडी मी घेणार नाही."

"आन् लगीन?"

"गाडी बसली की मुहूर्त काढू."

असा कुंदाच्या लग्नाचा मुहूर्त पंचांगातून उठून इंजिनात जाऊन बसला. पाणवठ्यावर बाया तिला "लग्न कधी?" असं विचारीनात. "बसली का गं गाडी?" असं विचारीत आणि तोंडाला पदर लावीत.

कोंडाजी पाटील गाडी बसवायला निघाले तो देखावा ज्यांनी पाहिला नाही त्यांचं पुण्य कमी पडलं. धोतराचा सोगा पट्ट्यात खोचलेला, डोक्याला फेटा, चेहरा तालुक्याचा मामलेदार असल्यासारखा, आणि गती गाभण म्हशीची. मागच्या बाजूला हिरामणनं इंग्रजीत पाटी लावली होती, म्हणे 'नवी गाडी आहे, पुढे जा.' बैल ती न वाचताच पुढे जात. गिरणीचा गाडीवान जनू तर रोज भाताची गाडी मालकाच्या मागे आणायचा आणि ओरडायचा, "मालक, जरा अंग चोरा की! मला सांजच्याला घरी जायचंय!"

हळू चालवण्याचं एवढं पाळलं गेलं. तेलाचं मात्र प्रत्येकाला जास्त कळत होतं.

पातळ तेल हे कोंडाजींना पटेचना. त्यांच्या घरी पेरणीच्या आधी बैलांना तेल पाजायची रीत होती. बैलाची मान वर धरायची, बांबूचा नळा तोंडात सरकवायचा आणि घट्ट गोडं तेल घशाखाली सोडायचं. बैल त्यावर पावसाळा काढायचा. "जित्या जनावराला घट लागतं, आन् ह्या लोखंडाला पातळ?" ते म्हणाले. "ते पुस्तक विलायतेतल्या थंडीचं. आपल्याकडं उन्हानं तेल आपोआप पातळ होतंय." आणि गिरणीच्या इंजिनात घालायचं, ओतताना झोप येईल इतकं जाड तेल त्यांनी गाडीच्या पोटात सोडलं. नळा नव्हता एवढीच कसर.

हिरामणला हे पुढच्या रविवारी कळलं. त्यानं कपाळाला हात लावला. वाटलं, आता पुस्तक काढील. पण हिरामणनं पुस्तक वाचलं होतं ते दुसऱ्यांना सांगण्यापुरतं. त्याच्या कारखान्यातला कुणी साहेब म्हणाला होता की परदेशात शर्यतीच्या गाड्या एरंडेलावर पळतात. तेव्हापासून हिरामण शर्यतीत होता. त्यानं अंबरनाथच्या औषधवाल्याकडून एरंडेलाची बाटली आणली आणि वरून ओतली.

सोमवारी कोंडाजींनी गाडी सुरू केली. धुराचा वास आल्याबरोबर ते उतरले. "अगं विठे, जावयानं गाडीला जुलाब दिला!" आणि जुलाबावर उतारा म्हणून पुन्हा गिरणीचं तेल.

मग दोघं, वेगवेगळे, एकमेकांना न सांगता, उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात टेकचंदकडे गेले. टेकचंद तिथं लष्कराच्या उरल्यासुरल्या मालाचे डबे मांडून बसायचा. सिंध सोडून येताना त्यानं बरोबर काय आणलं असेल ते असो, गिऱ्हाईक ओळखायची नजर सुखरूप आणली होती. कोंडाजी म्हणाले, तेल घट्ट हवं. टेकचंद म्हणाला, "साईं, आपको गाडी का बराबर समज है. ये लो. मिलिट्री का रणगाडा चलता था इसपे." हिरामण म्हणाला, तेल शर्यतीचं हवं. टेकचंदनं त्याच फळीवरचा दुसरा हिरवा डबा पुसला. "वाह साईं! पढ़ा-लिखा आदमी अलग दिखता है. ये लो. विमान का है." रणगाडा आणि विमान दोन्ही त्या एका गाडीच्या पोटात उतरले, आणि ती बापडी बदलापूरच्या रस्त्यानं बैलांच्या मागून चालली होती.

तरी एकदा शहाणपणाची वेळ आली होती. एका रविवारी हिरामण आईला घेऊन आला. त्यानं झाकण उघडून आत काडी घातली, ती वर आली तेव्हा टोकाला काकवीसारखं काहीतरी लोंबत होतं. "मामा," तो म्हणाला, "आता हे सगळं काढून टाकू. खालचा स्क्रू उघडला की झालं. मग ताजं भरू."

कोंडाजींनी परात आणली. हिरामणनं पाना लावला. तोच वेणूबाई ओटीवरून किंचाळल्या.

"काय करतोस रे! सुपारी फुटलेल्या घरात तेल सांडतोस?"

"आई, ते इंजिनाचं तेल आहे."

"तेल ते तेल. लग्नघरात तेल जमिनीला लागलं की लग्नाला दृष्ट लागते. माझ्या नणंदेच्या हळदीत वाटी लवंडली होती, तिचं काय झालं ते सांगू?"

तिचं काय झालं ते वेणूबाई आजवर बऱ्याच ठिकाणी सांगून आल्या होत्या. विठाही घाबरली. जन्मात पहिल्यांदा दोघी विहिणींचं एकमत झालं, आणि ते नेमकं इंजिनाच्या बाबतीत.

"अहो, परातीत धरतोय, जमिनीला थेंब लागणार नाही," कोंडाजी म्हणाले.

"परातीतून मग कुठं टाकाल? डोक्यावर?"

उंबऱ्यात कुंदा उभी होती. ती म्हणाली, "पुस्तकात काढायला सांगितलंय ना? मग काढा की. दृष्ट लागायची तर ती गाडीला लागंल, माझ्याकडं तरी कोण बघतंय?"

"बघा, लग्नाआधीच हिचं तोंड बघा!" वेणूबाई म्हणाल्या.

इंग्रजी वाचणाऱ्या, घड्याळ लावणाऱ्या, शर्यतीचं तेल ओळखणाऱ्या हिरामणनं आईकडे पाहिलं, पाना खिशात ठेवला आणि म्हणाला, "बरं, काढायला नको. वरून ताजं घालत राहू. ताजं खाली जाईल." कोंडाजींनी मान डोलावली. बैलाच्या पोटातून तरी कुणी तेल काढतं का?

तेव्हापासून त्या इंजिनात जे गेलं ते गेलंच.

शिमगा झाला. गाडी बसली असं हिरामणनं जाहीर केलं. ते त्याला कशावरून कळलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. इंजिनाला कान लावून तो डोळे मिटायचा एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं. कुंदा चहा घेऊन समोर उभी राहिली तरी ते डोळे कधी उघडले नाहीत. पुढच्या रविवारी त्यानं गाडी पहिल्यांदा पूर्ण वेगानं पळवायची, परत यायचं आणि लगेच मुहूर्त काढायचा, असं ठरलं. भटजी पंचांग घेऊन ओटीवर. विठानं शिरा केला. कुंदा नव्या लुगड्यात. वेणूबाई मधोमध पाटावर.

हिरामणनं केसांवरून कंगवा फिरवला आणि निघाला. रस्त्याच्या वळणापर्यंत गाडी खरंच पळाली. कोंडाजी म्हणाले, "बघा! घट तेलाची ताकद!" गाडी वळणाआड गेली, आवाज लांबत गेला, आणि मध्येच बंद झाला. हळूहळू नाही, कुणी तोंडावर हात दाबावा तसा.

भटजींनी पंचांगाचं पान बोटानं धरून ठेवलं होतं. बऱ्याच वेळानं जनूची बैलगाडी आली. तिच्यात मोटारसायकल आडवी, आणि शेजारी हिरामण, एका बाजूनं पूर्ण मातीचा. इंजिन धावता धावता आतून जाम झालं होतं, चाक जागच्या जागी थांबलं होतं आणि नवरदेव तसाच पुढे शेतात गेला होता. लागलं फार नव्हतं.

"मालक," जनू बैल सोडताना म्हणाला, "आज तुमची गाडी माझ्या गाडीच्या पुढं नाय गेली, आतच बसली बघा."

गाडी अंगणात ओटीपाशी उतरवून झाकण उघडलं. आत तेल नव्हतंच. डिंक होता, काळा, जळक्या एरंडेलाच्या वासाचा. तेलाच्या वाटा त्यानं बुजून गेल्या होत्या.

"हे गिरणीचं तेल," हिरामण म्हणाला. "तुम्ही गाडीचा बैल केलात मामा!"

"आन् तुम्ही तिला बाळंतीण केलंत! एरंडेल कुणी पाजलं?"

"शर्यतीच्या गाड्यांना—"

"शर्यत कुठं व्हती? जनूबरोबर?"

कुणाचं तेल गुन्हेगार यावर दोघं चांगले जुंपले. भटजींनी पान सोडून दिलं. वेणूबाईंनी मात्र मोका साधला. त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "एक गाडी ज्यांना नीट सांभाळता आली नाही, त्यांनी पोर कशी वाढवली असेल देव जाणे."

विठानं पुढे होऊन त्यांच्या हातातली शिऱ्याची बशी काढून घेतली. चमचा तेवढा वेणूबाईंच्या हातात राहिला.

हिरामणला हे दिसलंच नाही. तो गाडीपाशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "आई, तसं नको म्हणू. तोडायचं कशाला? मार्ग आहे. मामा, इंजिन पूर्ण खोलून घ्या, आतलं नवीन टाका. मग परत पहिल्यापासून बसवू. तेल मी सांगेन तेच. पुढल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त धरू. माझी काही तक्रार नाही."

कोंडाजी लगेच नाही म्हणाले नाहीत, हे लिहायला हवं. मुलीची सुपारी मोडणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. गाडी घरात आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

"परत पहिल्यापासून?" कुंदा म्हणाली. "मंग बाबा, नवराही पहिल्यापासून बघू. ह्यो काय बसायचा नाय."

जनू मोठ्यानं हसला आणि मालकाकडे बघून खोकायला लागला. पण मालकानं त्याला दटावलं नाही. कोंडाजींनी फेटा काढला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "विहीणबाई, जनू बैल परत जोडतोय. टेसनापातुर सोडील."

वेणूबाई चमचा ओटीवर आपटून उतरल्या. हिरामण त्यांच्या मागे गेला. बैलगाडी निघाली, वळणापर्यंत गेली, आणि थांबली. हिरामण उडी मारून उलटा धावत आला. विठा ओटीच्या कडेला आली. पोराला चूक कळली असेल, माफी मागेल, असं तिला वाटलं. कुंदानंही नकळत पदर सावरला.

हिरामण अंगणात धापा टाकत उभा राहिला. कुंदाकडे बोट केलं असं वाटलं, पण ते तिच्या मागच्या गाडीकडे होतं.

"झाकण," तो म्हणाला. "तेलाचं झाकण उघडं राहिलंय. लावून घ्या, धूळ जाईल."

कुंदानं आत जाऊन दार लावून घेतलं.